आधी उतार, मग चढ: हिवाळ्यात ग्रँड कॅन्यनला निघालेल्या बेळगावकरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांतली मुलं आता अमेरिकेत नोकरीला आहेत आणि आईवडील चार-सहा महिने त्यांच्याकडे राहून येतात. मुलांना सलग सुट्टी मिळते ती नाताळात. मग कुणीतरी ग्रँड कॅन्यनचा बेत काढतं आणि खडेबाजारात घेतलेला स्वेटर, कानटोपी, पायात रोजचे चालायचे बूट एवढ्या तयारीवर मंडळी ॲरिझोनात पोहोचतात. वाळवंटातलं ठिकाण, तिथे कसली आलीय थंडी, असा हिशेब असतो. तो कुठे चुकतो हे आधी बघू.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. कॅन्यनच्या, म्हणजे दरीच्या, तळाशी, कोलोरॅडो नदीजवळ फँटम रँच नावाचा मुक्काम आहे, त्याची उंचीही जवळपास तेवढीच. पण आपण जाऊन उभे राहतो ते साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या कड्यावर, आणि तो आहे २,१०० मीटरवर. बेळगावच्या किल्ल्यातून सरळ आभाळात तेराशे मीटर वर गेल्यासारखं. एकावर एक पंचवीस गोकाकचे धबधबे रचले तर ही उंची भरते. म्हणून तळाशी जानेवारीतल्या दुपारी १३ अंशांची ऊब असते तेव्हा वर ५-६ अंश असतात आणि पहाटे पारा उणे ८ च्या आसपास जातो. थंडीची लाट आली तर आणखी खाली. आपल्याकडे पहाटे बारा-चौदा अंश झाले की शेकोट्या पेटतात. त्या थंडीचा अंदाज इथे काही कामाचा नाही.

मुलांच्या फोनवर तापमान फॅरनहाइटमध्ये दिसतं. ३२ म्हणजे आपलं शून्य, २० म्हणजे जवळजवळ उणे ७. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. आणि एक आडाखा: शंभर मीटर खाली उतरलं की साधारण एक अंशाने ऊब वाढते. परत वर येताना तेवढीच ती कमी होत जाते, तीही अंग घामेजलेलं असताना.

दुसरी चूक किल्ल्यांच्या सवयीतून होते. येळ्ळूरचा राजहंसगड असो की चंदगडकडचा पारगड, आपण आधी चढतो. दम लागला की बसतो, फारच झालं तर मागे फिरतो आणि मागे फिरलं की उतारच असतो. कॅन्यनमध्ये हे सगळं उलटं. आधी उतार, गार हवा, हलके पाय, समोर देखावा. माणूस रमतगमत तासभर उतरतो, आणि पाय भरून आले हे कळतं तेव्हा तो आधीच खाली असतो. परतीच्या चढाला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायचा. चार तास हातात असतील तर उतरायला सव्वा तास, वर यायला अडीच तास आणि उरलेला थांबायला. घड्याळात सव्वा तास झाला की जिथे असाल तिथून वळायचं. पुढचं वळण कितीही जवळ दिसत असलं तरी.

कधी जायचं, किती दिवस

साउथ रिम बारा महिने उघडा असतो. पलीकडचा नॉर्थ रिम आणखी उंच, तिथे बर्फ फार, त्यामुळे हिवाळ्यात तो बंद. समोर १६ किलोमीटरवर दिसतो म्हणून कुणी तिकडे जायचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यातसुद्धा गाडीने तिथे जायला जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरचा वळसा पडतो.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळा. उद्यानातल्या खोल्या मिळत नाहीत, पार्किंगही मिळत नाही. डिसेंबरचा पहिला पंधरवडा, किंवा जानेवारीचा मधला काळ ते फेब्रुवारी, हा खरा शांत वेळ. मुलांना सुट्टी नाताळातच असेल तर खोली कित्येक महिने आधी धरून ठेवावी.

एका दिवसात उरकायचा बेत आम्हाला पटत नाही, आणि त्याचं कारण धुकं. हिवाळ्यात कधीकधी थंड हवा दरीत बसते आणि ढग कड्याच्या पातळीपर्यंत भरून येतात. मग समोर नुसता पांढरा पडदा. हे धुकं तासाभरात फाटूही शकतं, दिवसभर टिकूही शकतं. दोन रात्री मुक्काम असला तर निदान एक संध्याकाळ आणि दोन पहाटा हाती लागतात, आणि त्यातली एक तरी स्वच्छ मिळण्याची शक्यता चांगली असते. अर्धवट फाटलेल्या धुक्यातून लाल कडे वर येताना दिसले तर तो नशिबाचा भाग. पण ते बघायला तिथे थांबलेलं असावं लागतं.

मुक्काम शक्यतो उद्यानातच, कड्याजवळ. एल टोव्हर हे १९०५ सालचं हॉटेल महाग आहे, ब्राइट एंजल लॉज आणि मॅसविक लॉज त्या मानाने परवडतात. बाहेर तुसायान हे गाव दहा-बारा किलोमीटरवर, विल्यम्स ९५, फ्लॅगस्टाफ सुमारे १३०. विल्यम्सला स्वस्त पडतं खरं, पण मग सूर्योदयासाठी अंधारातच बर्फाळ रस्त्यावर गाडी काढावी लागते. वाचलेल्या पैशाच्या मानाने हा जीवाला घोर मोठा.

निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाचं संकेतस्थळ उघडून पाण्याची स्थिती बघावी. कड्यावरचं पाणी समोरच्या नॉर्थ रिमखालच्या झऱ्यातून, दरी ओलांडून येणाऱ्या पाइपलाइनने येतं. ती १९६० च्या दशकातली आहे आणि वरचेवर फुटते. पाइप फुटली की पाण्यावर निर्बंध येतात, प्रसंगी हॉटेलंही बंद ठेवतात. जलवाहिनी फुटल्यावर काय होतं हे बेळगावकराला वेगळं सांगायला नको.

प्रवेशाचे पैसे

गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी, हा जुना दर आहेच. पण १ जानेवारी २०२६ पासून ११ मोठ्या उद्यानांत, अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक माणसामागे १०० डॉलर जादा लागतात. ग्रँड कॅन्यन त्यात आहे, झायन आणि ब्राइसही आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील म्हणजे दोघांचे दोनशे. त्याऐवजी परदेशी पाहुण्यांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे. सहलीत झायन, ब्राइससुद्धा असेल तर तोच घ्यावा. त्या पासात गाडीतले कोण कोण धरतात हे पैसे भरण्याआधी वाचून घ्या आणि पासपोर्ट जवळ ठेवा. मुलाने रहिवाशांचा पास काढायचा असेल तर त्याचं तिथलं सरकारी ओळखपत्र लागेल.

गाडी आणि रस्ता

फिनिक्सहून साडेतीन-चार तास, लास वेगासहून साडेचार-पाच. फ्लॅगस्टाफपासून पुढे दोन वाटा आहेत. जवळची १८० नंबरची वाट डोंगराच्या कुशीतून आणखी उंच चढते आणि तिथे बर्फ जास्त पडतो. ताजा बर्फ पडला असेल तर विल्यम्सवरून ६४ नंबरने यावं. थोडं लांब आहे, पण बरंचसं सपाट.

ज्याने फक्त टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात गाडी चालवली आहे अशा मुलाला बर्फावरच्या गाडीचा सराव असतोच असं नाही. रस्ता नुसता ओला, काळा, चकचकीत दिसतो तिथेच पारदर्शक बर्फाचा थर असू शकतो. पुलावर आणि झाडांच्या सावलीत तो आधी धरतो. त्यावर ब्रेक दाबला की चाकं घसरतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचलायचा, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही, पुढच्या गाडीपासून एरवीच्या तिप्पट अंतर ठेवायचं. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. डिकीत एक जाड चादर आणि काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी असावी. गरम पाणी ओतून काच साफ करायला जाऊ नये, काच तडकते.

हिवाळ्याचा एक मोठा फायदा मात्र आहे. कड्याच्या कडेने पश्चिमेला जाणाऱ्या ११ किलोमीटरच्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंदी असते, उद्यानाच्या बसनेच जावं लागतं. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत मात्र स्वतःची गाडी नेता येते. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना गाडीच्या उबेत बसवून एकेका जागेवर उतरवता येतं. सूर्यास्तासाठी त्या रस्त्यावरचा होपी पॉइंट गाठा. डिसेंबरअखेर सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेचारला जागेवर असायला हवं. सूर्योदय साडेसातनंतर, त्यामुळे पहाटेची घाई आपल्याकडच्याएवढी नाही. कड्यावरच्या गावातल्या, म्हणजे ग्रँड कॅन्यन व्हिलेजमधल्या, निळ्या आणि नारिंगी मार्गांच्या बस हिवाळ्यातही चालू असतात, फुकट असतात.

कपडे

स्वेटर वाईट नाही, पण एकटा स्वेटर म्हणजे जाळी. वारा त्यातून आरपार जातो. कड्यावर वारा सतत असतो, दरीतून वर येणारा. म्हणून तीन थर: अंगाला चिकटून थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जाकीट. एक जाडजूड कोट घालण्यापेक्षा हे बरं, कारण चालताना एकेक थर काढता येतो.

सगळ्यात आतला कपडा सुती नको, आणि नेमकी हीच गोष्ट आपली माणसं मानत नाहीत. बनियन सुती, ब्लाउज सुती, जीन्सही सुती. सुती कापड घाम शोषून घेतं आणि सोडत नाही. चालताना कळत नाही, पण पाच मिनिटं देखावा बघत थांबलं की तेच ओलं कापड पाठीवर बर्फाच्या फडक्यासारखं बसतं. थर्मल पॉलिएस्टरचं किंवा लोकरीचं घ्यावं. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. गाडीतून उतरतानाच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार. थांबलं की जाकीट लगेच चढवायचं, थंडी वाजायची वाट बघायची नाही.

साडी नेसणाऱ्या बायकांनी कड्यावरच्या पक्क्या, झाडलेल्या वाटेपुरती साडी नेसायला हरकत नाही, आत थर्मल आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरी पायमोजे असले तर. खालच्या पायवाटेवर उतरायचं असेल तर साडी नको आणि घेरदार सलवारही नको. त्याचं कारण पुढे बुटांच्या काट्यांत येईल.

पायमोज्यांच्या दोन जोड्या चढवून बूट घट्ट केले की बोटं जास्त गार पडतात, कारण रक्त फिरायला जागा राहत नाही. एकच जाड जोडी आणि बुटात बोटं हलतील एवढी मोकळीक. कानटोपी इथूनच न्या, आपली माकडटोपीसुद्धा उत्तम. दिसायला कशी का असेना, कान, मान आणि हनुवटी तीच झाकते. दम्याचा त्रास असेल तर मफलर नाकावरून घ्या, म्हणजे आत जाणारी हवा जरा कोमट होते. उन्हाचा चष्मा लागतोच. बर्फावरून उलटलेलं ऊन डोळ्यांना फार टोचतं. हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात, नाकातून रक्ताचा ठिपका येतो. व्हॅसलीन नाहीतर तुपाचं बोट, दिवसातून तीनदा.

बुटांचे काटे

साउथ रिमवरून खाली उतरणाऱ्या वाटा उत्तरेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, त्यामुळे वाटेचा पहिला दीड-दोन किलोमीटरचा भाग दिवसभर कड्याच्या सावलीत राहतो. पडलेला बर्फ वितळत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी आणि खेचरांच्या खुरांनी तो दाबला जातो, रात्री गोठतो आणि आठवड्याभरात घोटलेल्या काचेसारखा होतो. आकाश निळंभोर, गेले दहा दिवस बर्फ पडलेला नाही, तरीही ही काच तिथेच असते. कड्यावरची फरशी सुकी दिसली म्हणून साध्या बुटांनी उतरणारे लोक पहिल्या वळणावरच बसकण मारतात.

यावर उपाय म्हणजे मायक्रोस्पाइक. जाड रबराचं एक कडं, त्याच्या खाली साखळ्या आणि साखळ्यांना एकेक सेंटिमीटरचे पोलादी दात. कुठल्याही बुटावर चढतात. उद्यानातल्या दुकानात मिळतात, पण गर्दीच्या दिवसांत आपल्या मापाचे संपलेले असतात, म्हणून आधीच मागवून ठेवावेत. स्वस्तातला दुसरा प्रकार असतो, रबराला तारेची वेटोळी गुंडाळलेला. तो गावातल्या पदपथावर चालतो, उतारावर नाही. त्याच्यावर भरवसा ठेवून खाली उतरू नये.

चढवायची रीत अशी. बर्फ सुरू होण्याआधी, बाकावर किंवा कोरड्या दगडावर बसा. बर्फावर एका पायावर उभं राहून चढवायचा प्रयत्न म्हणजे पडायचं निमंत्रण. रबराचं कडं हातात धरून आधी बुटाचा पुढचा भाग आत घाला. मग मागचा पट्टा धरून टाचेवरून वर ओढा. थंडीत रबर कडक होतं, म्हणून काटे पिशवीत तळाशी ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जाकिटाच्या आत ठेवलेले बरे. चढवल्यावर पाय वर करून तळवा बघा: दात पंजाखाली आणि टाचेखाली मधोमध असले पाहिजेत, एका बाजूला सरकलेले नकोत. दहा मिनिटं चालल्यावर पुन्हा बघा, सैल माप तोवर हमखास सरकतं.

चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाका. जवळ टाकले की एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या कपड्यात अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. घेरदार सलवार नको म्हटलं ते यासाठी. बर्फ ओलसर असेल तर तळव्याखाली त्याचा लाडू धरतो, दात त्यात बुडतात आणि काटे असून नसल्यासारखे होतात. काठीने टक् करून तो पाडत राहायचं. मधेच दगड, मधेच बर्फ अशी वाट असेल तर काटे तसेच ठेवा. सलग कोरडी वाट लागली की मात्र काढा, दगडावर दात बोथट होतात आणि घोटा मुरगळतो. हॉटेलच्या फरशीवर ते घालून शिरू नये, तिथे बर्फाइतकंच घसरायला होतं.

खाली किती जायचं

उन्हाळ्यात जे दहा किलोमीटर सहज चालतात त्यांनीही हिवाळ्यात निम्मं धरावं. दिवस लहान असतो आणि पाऊल बर्फावर जपून पडतं.

ब्राइट एंजल ही वाट गावातूनच सुटते. थोडं खाली गेलं की खडकात कोरलेला पहिला बोगदा लागतो. ज्यांना नुसतं 'दरीत उतरलो' म्हणायचं आहे त्यांनी तिथून परत फिरलं तरी चालेल. पुढे २.४ किलोमीटरवर पहिलं विश्रांतिगृह, कड्यापासून सुमारे ३४० मीटर खाली. बहुतेकांनी इथे थांबावं. जाऊन-येऊन तीन-चार तास. वाटेवरचे पाण्याचे नळ हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून बंद असतात, सगळं पाणी वरून न्यायचं.

साउथ कायबॅब ही दुसरी वाट एका सोंडेच्या माथ्यावरून जाते. त्यामुळे वरची वळणं सोडली तर तिच्यावर ऊन जास्त, बर्फ कमी आणि देखावा दोन्ही बाजूंना मोकळा. दोन्हीत एकच निवडायची तर आम्ही हीच सांगू. सुरुवातीपर्यंत नारिंगी बसने जायचं. सव्वा-दीड किलोमीटरवर ऊ-आ पॉइंट येतो. नाव थट्टेचं वाटतं, पण तिथे पोहोचल्यावर तोंडातून तेच निघतं. त्यापुढे सीडर रिज, सुरुवातीपासून २.४ किलोमीटर. या वाटेवर पाणी कुठेच नाही आणि वाऱ्याला आडोसाही नाही.

एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत येण्याचा विचार कुणी करू नये. उद्यानवालेही तेच बजावतात.

खेचरांचा तांडा आला तर वाटेच्या आतल्या बाजूला, डोंगराला पाठ लावून, गप्प उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही. शेवटचं खेचर पंधरा मीटर पुढे जाईपर्यंत हलायचं नाही, मोबाइल त्याच्या तोंडासमोर नाचवायचा नाही.

ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी

कड्यावरची वाटच पुरेशी आहे, आणि खरं सांगायचं तर साठीच्या पुढच्यांनी तिथेच वेळ घालवावा. यावापाई भूविज्ञान संग्रहालयात मोठ्या काचांमागे उबेत बसून दरी बघता येते. तिथून गावाकडे पक्की, सपाट वाट जाते, तिचं नाव ट्रेल ऑफ टाइम. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं प्रमाण धरून जमिनीत पितळी खुणा बसवल्या आहेत आणि त्या त्या काळाचे दगड कडेला मांडले आहेत. हात लावून बघायला परवानगी आहे, लावाच. कड्याच्या माथ्यावरचा चुनखडीचा थर सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचा काळा खडक १७० कोटींच्याही पुढचा. गोकाकच्या धबधब्याखाली जो वालुकाश्म आपण लहानपणापासून बघतो तो या चुनखडीहून कितीतरी जुना आहे. घटप्रभेने तो कापला, कोलोरॅडोने हे कापलं. फरक खोलीचा आणि पाण्याच्या ताकदीचा.

कडेला सगळीकडे कठडा नाही. जिथे आहे तिथेही दगडावर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो. कड्यापासून दोन मीटर लांब राहूनच फोटो काढा आणि चालता चालता मागे सरकत फोटो काढू नका.

खाणं, औषधं

थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच असतं. छोट्या उतरणीलाही माणशी दीड-दोन लिटर. बाटली पिशवीत उलटी ठेवावी: पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे झाकण मोकळं राहतं. नळीची पाणपिशवी आणली असेल तर नळी आधी गोठते. थर्मासमध्ये गोड चहा न्यावा, परतीच्या चढाला त्याचा आधार मोठा.

चपाती-भाजीचा डबा उघड्यावर गार होऊन चामट होतो. चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून, गुंडाळी करून, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. चढाला जे बार अमेरिकन लोक दोन-तीन डॉलरला विकत घेतात त्यापेक्षा गोकाकचं करदंट सरस आहे: डिंक, गूळ, सुका मेवा, आणि थंडीतही दाताखाली फुटतं. दर तासाला एक तुकडा आणि सोबत काहीतरी खारट, भडंग सोयीचं. बेळगावहून नेताना विमानतळावरच्या तपासणीत खाण्याचं सगळं सांगून टाकावं. कुंदा दुधाचा असतो आणि भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंधनं आहेत, तो घरीच संपवून निघालेलं बरं. खारींना आणि कावळ्यांना काही घालायचं नाही. डोमकावळे पिशवीची चेन उघडतात, हे ऐकून हसू येतं, पण उघडतात.

इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. ते गाडीत किंवा पाठीवरच्या पिशवीत न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवा. साखर तपासायचं यंत्र गार पडलं की आकडा देत नाही. मोबाइलची बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडते, तोही आतल्या खिशात. नकाशे आधीच उतरवून घ्या, रेंज बेभरवशाची आहे. एवढ्या उंचीवर पहिल्या दिवशी थोडं डोकं दुखणं, जिना चढताना धाप लागणं हे बऱ्याच जणांना होतं. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला २,१०० मीटर हा आकडा सांगूनच निघावं.

कुणी कापायला लागलं, जीभ अडखळायला लागली, हातमोजा चढवता येईना, उगाच चिडचिड करू लागलं, तर तो थकवा समजू नका. शरीराची ऊब चालली आहे. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, गोड गरम प्यायला द्या, वाऱ्यातून आडोशाला न्या. 'थोडी ब्रँडी' देऊ नका. त्याने कातडीला ऊब वाटते आणि आतली ऊब बाहेर पडते.

परतताना

सूर्यास्त बघून सगळे एकदम निघतात आणि तीच वेळ एल्कची असते. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरीण, रस्त्यात येऊन शांत उभं राहतं. एक ओलांडून गेलं की मागे दुसरं असतंच, म्हणून लगेच वेग घेऊ नका. लास वेगासहून विमान असेल तर तिथलं घड्याळ हिवाळ्यात ॲरिझोनाच्या एक तास मागे असतं, परतताना तो तास मिळतो. येताना मात्र तोच गेलेला असतो, म्हणून वेगासहून येऊन त्याच दिवशी सूर्यास्त गाठायचा तर सकाळी नऊच्या आत निघा. काटे खोलीवर पोहोचताच धुऊन, फडक्याने पुसून हीटरपासून लांब वाळवा. ओले तसेच बॅगेत बांधले तर बेळगावला पोहोचेपर्यंत साखळीला गंज धरलेला असतो.